सनद बाजूला ठेवल्यानंतर

वकिलीची सनद हाती असलेला माणूस कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरतो तेव्हा त्याला वकिली थांबवावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 49 क्रमांकाचा नियम तसं बजावतो: अशी नोकरी धरल्यावर ज्या राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर आपलं नाव आहे तिथे कळवायचं आणि नोकरी आहे तोवर वकिली करायची नाही. आपल्याकडे हा अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जातो आणि सनद स्थगित होते. 2001 मध्ये हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातल्या एका विधी अधिकाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मंडळाच्या वतीने कोर्टात उभं राहणं हाही त्याच्या कामाचा भाग होता. तरीही पूर्णवेळ पगारी नोकर तो नोकरच, असं न्यायालयाने ठरवलं.

कंपनीतला लीगल मॅनेजर दिवसभर जे करतो ते मात्र वकिलाचंच काम असतं. पुरवठादाराशी करार, कामगार आयुक्तांची नोटीस, गोदामाच्या भाडेपट्ट्याचा मसुदा, चेक न वटल्याची तक्रार, बाहेरच्या वकिलाने लिहून पाठवलेला लेखी जबाब तपासणं, संचालकांच्या बैठकीत एखाद्या सौद्यातला धोका समजावून सांगणं. कंपनी कायद्यातही त्याला खास जागा नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 203 प्रमुख व्यवस्थापकीय पदं मोजतं तेव्हा व्यवस्थापकीय संचालक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी, कंपनी सेक्रेटरी आणि मुख्य वित्त अधिकारी यांची नावं घेतं. कायदेप्रमुखाचं नाव त्यात नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ही अवस्था.

या अवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव पगाराची नाही की मानाची नाही. ती बार रूमची आहे.

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात किंवा मुंबईच्या हायकोर्टात नवा वकील पहिली काही वर्षं जे शिकतो, त्यातलं निम्मं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. चहा घेताना शेजारच्या टेबलावर दोन ज्येष्ठ वकील कालच्या युक्तिवादाबद्दल बोलत असतात. एखादा सांगतो की या मुद्द्यावर परवाच नवा निकाल आलाय, तो आधी वाच. अडल्यानडल्या पक्षकाराचं काम फुकट करायचं असलं तर कुणीतरी फाइल सरकवतो. ओळख, शिक्षण आणि सेवा या तिन्ही गोष्टी तिथे एकाच बाकावर बसून, न मागता मिळतात. चाकणच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात एकटाच बसलेला विधी अधिकारी यांतलं काहीच ऐकत नाही. त्याच्या मजल्यावर त्याची भाषा बोलणारा दुसरा कुणी नसतो. शंका आली तर बाहेरच्या फर्मला फोन करायचा, आणि त्या फोनचंही बिल येतं. म्हणून माझं म्हणणं असं की कंपनीतल्या वकिलाने आपली बार रूम स्वतः उभी केली पाहिजे. ती कुठे, कशी आणि कोणत्या मर्यादा पाळून उभी करता येते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी शिक्षण. भारतात वकिलांना दर वर्षी अमुक तास अभ्यास केलाच पाहिजे असं बंधन नाही. न्यूयॉर्कमध्ये मुरलेल्या वकिलालाही दर दोन वर्षांनी 24 तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. आपल्याकडे कंपनी सेक्रेटरी आणि चार्टर्ड अकाउंटंट यांना अशी शिस्त आहे, वकिलाला नाही. सनद स्थगित केलेल्यावर तर कुणाचीच नजर नसते. आणि नेमक्या याच काळात कायदे झपाट्याने बदलले. 1 जुलै 2024 ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि आयुष्यभर पाठ केलेली कलमं एका रात्रीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपयांपर्यंत जाते. त्याच महिन्यात 29 जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्रापासून कंत्राटदाराच्या करारापर्यंत प्रत्येक नमुना पुन्हा लिहायची वेळ आली. एकट्याने हे सगळं पेलणं कुणालाही जड आहे.

शिकायच्या जागा मात्र जवळ आहेत. शेअर बाजाराशी संबंध असलेल्या कंपनीत काम करणाऱ्याने सेबीने उभी केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था पाहावी. तिचं आवार रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे आणि नियमपालनाच्या विषयातल्या तिच्या प्रमाणपत्र परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. कंपनी सेक्रेटरी संस्थेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र बेलापूरला आहे. पुण्यात 1924 साली सुरू झालेलं आयएलएस विधी महाविद्यालय आणि मुंबईतलं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ या अभ्यासाच्या जागा आहेतच. फुकट मिळणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 पासून आपल्या निकालांचा अधिकृत संग्रह इंटरनेटवर सगळ्यांना मोकळा केला आहे. घटनापीठाची सुनावणी सप्टेंबर 2022 पासून थेट पाहता येते. कोर्ट सुटलेल्या माणसाने महिन्यातून एकदा तरी ती पाहावी. न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवून काय विचारतात, हे ऐकलं की आपला करार उद्या कोर्टात गेला तर कुठे तुटेल याचा अंदाज येतो.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वर्गाबाहेरचं शिक्षण. महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मोजणीचा नकाशा हे स्वतः वाचता आलं पाहिजे. मोठ्या विद्यापीठातून आलेली हुशार मुलं इंग्रजी करार सफाईने लिहितात आणि फेरफाराच्या नोंदीपाशी अडतात, कारण ती मराठीत, महसुली भाषेत असते. एमआयडीसीचा भूखंड साधारणतः 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची परवानगी लागते. ही गोष्ट पुस्तकातून कळते. ती परवानगी कोणत्या कागदावाचून अडते, ते प्रादेशिक कार्यालयात दोन खेपा घातल्यावर कळतं. तसाच कारखान्याचा मजला. सुरक्षा अधिकाऱ्याबरोबर एक पाळी हिंडलेला वकील अपघाताच्या नोटिशीला जे उत्तर लिहितो, ते खुर्चीत बसून लिहिता येत नाही.

आता ओळखी. परदेशात कंपनी वकिलांनी ही गरज फार आधी ओळखली. अमेरिकेत 1982 साली त्यांची वेगळी संघटना निघाली. आज असोसिएशन ऑफ कॉर्पोरेट काउन्सेल या नावाने ती जगभर पसरली असून तिचे सभासद 40,000 हून अधिक आहेत. 1947 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बार असोसिएशनमध्येही कंपनी वकिलांचा स्वतंत्र मंच आहे. बोधचिन्ह आणि व्यापारनामाचं काम करणाऱ्यांसाठी 1878 सालची इंटरनॅशनल ट्रेडमार्क असोसिएशन आहे. भारतात जनरल काउन्सेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही कायदेप्रमुखांची संघटना आहे. या सगळ्यांचा उपयोग होतो, विशेषतः ज्यांच्या कंपनीचा कारभार चार देशांत चालतो त्यांना. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत भरणाऱ्या परिषदांबद्दल मात्र माझा उत्साह बेताचा आहे. तिथला बराच खर्च लॉ फर्म उचलतात, आणि ज्यांना आपलं काम हवं आहे त्यांच्याकडून मिळणारं ज्ञान थोडं गाळूनच घ्यावं लागतं. वर्षातून एखादी परिषद पुरे.

त्यापेक्षा चेंबरमध्ये जावं. व्यापारी संस्थांच्या विधी, कर आणि कामगार विषयांच्या समित्या हा आपल्या मातीतला जुना आणि भक्कम मार्ग आहे. बॉम्बे चेंबर 1836 पासून आहे. इंडियन मर्चंट्स चेंबर 1907 ची, पणजीची गोवा चेंबर 1908 ची, वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाराष्ट्र चेंबर 1927 ची आणि पुण्याची मराठा चेंबर 1934 ची. कंपनी सभासद असली की तिथल्या समितीत बसायला अनेकदा फक्त तयारी दाखवावी लागते, कारण मोठे साहेब अशा बैठकांना स्वतः क्वचितच येतात. तिथे खरं काम असतं. सरकार किंवा सेबी एखादा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध करतं तेव्हा या समित्या कलमवार टिपण पाठवतात. विदा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला असाच हरकतींसाठी खुला झाला होता. अशा टिपणाचा पहिला खर्डा करायला जो तरुण वकील पुढे येतो, त्याला नियमाचा शब्दन्‌शब्द कळतो आणि दहा कंपन्यांतले दहा जाणते लोक त्याला नावानिशी ओळखतात. नुसती कार्डं वाटून असली ओळख होत नाही.

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या औद्योगिक वसाहतींत बहुतेक कंपन्यांत लीगलचा माणूस एकच असतो. अशांसाठी माझी सूचना अगदी साधी आहे: आठ-दहा जणांचं अभ्यासमंडळ. महिन्यातून एक संध्याकाळ, एक निकाल किंवा एक कलम, एकाने वाचून यायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. वक्ता बाहेरून आणायचा नाही, प्रायोजक घ्यायचा नाही. समजा, विषय घेतला ‘करारातलं नुकसानभरपाईचं कलम’. प्रत्येकाने आपल्या नमुन्यातलं कलम नावं पुसून आणायचं. एकाच्या कलमात भरपाईची मर्यादा कराराच्या वर्षभराच्या रकमेइतकी असते, दुसऱ्याच्यात मर्यादाच नसते, तिसऱ्याच्यात मर्यादा आहे पण गुप्ततेचा भंग तिच्यातून वगळलेला आहे. तासाभरात आठ जणांना कळतं की समोरचा पक्ष कुठवर नमतं घेतो. यासाठी कुठला अभ्यासक्रम नाही.

मात्र अशा बैठकीत तोंड कुठे मिटायचं हे आधी ठरलेलं हवं. याबाबत मी ठाम आहे. जून 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 11 सिमेंट कंपन्यांना मिळून 6,000 कोटींहून अधिक दंड ठोठावला, तेव्हा उत्पादक संघटनेच्या बैठकाही पुराव्याचा भाग झाल्या होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण धडा त्याच दिवशी मिळाला होता. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे वकील एका टेबलावर बसले की किंमत, उत्पादन, निविदा, ग्राहकांची वाटणी हे शब्द टेबलावर येता कामा नयेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वकील तर अप्रसिद्ध आर्थिक माहिती खिशात घेऊनच हिंडत असतो. होऊ घातलेलं विलीनीकरण, मोठी नोटीस, अजून जाहीर न झालेला तोटा. सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार कायदेशीर कारणाखेरीज ही माहिती कुणाला दिली तर देणाराही अडकतो.

आणि तिसरी गोष्ट नवी आहे. 31 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने, तपासयंत्रणांनी वकिलांना समन्स काढण्याच्या प्रश्नावर निकाल देताना, कंपनीतल्या वकिलाबद्दलही सांगितलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला जी गोपनीयता दिली आहे, ती कोर्टात वकिली करणाऱ्यासाठी आहे, पगारी वकिलासाठी नाही. त्याने कंपनीच्या कायदेशीर सल्लागाराशी केलेल्या संवादापुरतं कलम 134 चं संरक्षण मिळेल, पण मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्या आपसातल्या संवादाला ते लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात पगारी सल्लागारालाही वकिलासारखंच संरक्षण आहे असं म्हटलं होतं. अनेक कायदा विभागांनी त्या भरवशावर वर्षं काढली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने स्पर्धा कायद्याच्या तपासापुरती हीच कठोर भूमिका 2010 मध्ये घेतली होती. याचा रोजच्या कामातला अर्थ असा, की बाहेरच्या वकिलाचा अभिप्राय व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘जरा बघा रे’ म्हणून टाकायचा नाही. कुठल्याच ग्रुपवर नाही. ज्याची गोपनीयता आधीच पातळ आहे तो कागद आपल्याच हाताने चव्हाट्यावर जातो. प्रश्न विचारायचा असेल तर घटना आणि नावं काढून, नुसता कायद्याचा प्रश्न विचारावा.

आता सेवा. या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण कंपनीतल्या वकिलाची सर्वांत वाया जाणारी शक्ती इथे आहे.

अनेकांना वाटतं, शनिवारी एखाद्या संस्थेत बसून गरिबांना सल्ला द्यावा, त्यात अडचण काय? अडचण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2009 मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हच्या याचिकेत ठरवलं की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कोर्टाबाहेर सल्ला देणं आणि मसुदे करणं हीसुद्धा वकिलीच आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परदेशी फर्मांच्या प्रकरणात तीच दिशा धरली. मग सनद स्थगित केलेल्याने परक्या व्यक्तीला कायदेशीर अभिप्राय लिहून देणं, पैसे न घेता का होईना, धोक्याचं ठरतं. केंद्र सरकारची न्यायबंधू ही विनामूल्य सेवेची योजनाही वकिली करणाऱ्यांसाठीच आहे.

न्यूयॉर्कने हा गुंता सोडवला. दुसऱ्या राज्याची सनद असलेले, पण न्यूयॉर्कमधल्या कंपनीत नोकरी करणारे वकील डिसेंबर 2013 पासून तिथे नोंदणी करून विनामूल्य प्रकरणं घेऊ शकतात. अमेरिकेतल्या कंपनी वकिलांच्या अशा सेवेला वळण लावण्यासाठी कॉर्पोरेट प्रो बोनो नावाचा उपक्रम 2000 सालापासून चालतो. आपल्या बार कौन्सिलनेही सनद स्थगित केलेल्यांसाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या देखरेखीखाली, फक्त विनामूल्य कामापुरतं, असं एक दार उघडावं अशी माझी मागणी आहे. 1976 मध्ये घटनेत आलेलं कलम 39-क मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकतं. त्या कामाला हात कमी पडत असताना अनुभवी हातांना बाहेर उभं ठेवणं परवडणारं नाही.

ते दार उघडेपर्यंत करता येण्याजोगं काम थोडं नाही. वकील म्हणून नाही, तर जाणकार माणूस म्हणून करायचं.

पहिली जागा विश्वस्तपणाची. महाराष्ट्रात लहान संस्थांची फार मोठी संख्या आहे आणि त्यांपैकी बहुतेकींचं दुखणं एकाच ठिकाणी असतं. समजा, तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणारा न्यास आहे. संस्थापक अध्यक्ष वारले, त्यांच्या जागी नवे आले, मध्ये एक निवडणूक झाली, एका विश्वस्ताने राजीनामा दिला. काम सुरळीत चाललंय, मुली शिकताहेत. पण धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट 1 च्या उताऱ्यावर अजून जुनीच सहा नावं आहेत, त्यांतली दोन हयात नाहीत. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 22 सांगतं की बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. तो कुणी केलाच नाही. एक दिवस बँक सह्यांचा बदल मान्य करायला ताजा उतारा मागते. कंपनीकडून सामाजिक दायित्वाचा निधी मिळणार असतो, तिथेही तोच उतारा लागतो. आणि वसतिगृहाचं किराणा बिल थकतं.

इथे लागतं ते कोर्टातलं वक्तृत्व नव्हे. सभेची सूचना निघाली होती का, ती न्यासाच्या घटनेत लिहिलेल्या मुदतीत गेली का, गणसंख्या भरली का, इतिवृत्ताच्या वहीत ठराव नीट उतरला का, राजीनामा लेखी आहे का, मृत्यूचा दाखला आहे का, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं आहेत का, प्रत्येक बदलाचा वेगळा अर्ज आणि उशिराचा विलंब माफी अर्ज सोबत आहे का. ही तपासणी कंपनीतला वकील झोपेतही करू शकतो, कारण संचालक मंडळाच्या बाबतीत तो वर्षभर हेच करतो. तो विश्वस्त असेल, किंवा कार्यकारिणीवर असेल, तर आपल्याच संस्थेचे कागद तो हक्काने लावून देईल, आणि धर्मादाय कार्यालयात अर्ज चालवायला गावातला सनदधारक वकील असेल. न्यासाची जागा विकायची असो, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असो, कलम 36 ची पूर्वपरवानगी लागते, हेही तो वेळेवर सांगेल. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेला, परदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर, ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. याचं भान नसल्याने चांगल्या संस्था अडचणीत येतात.

दुसरी जागा लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालच्या अंतर्गत समितीवरच्या बाहेरच्या सदस्याची. 2013 चा कायदा दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशी समिती मागतो आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असावाच लागतो. कायदा जाणणारी व्यक्ती या जागी चालते. लहान कारखाने, शाळा, दवाखाने यांना असा माणूस मिळत नाही आणि समिती कागदावर राहते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, पण घाई करूनही चालत नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने चौकशी इतकी घाईने उरकली की बाजू मांडायची पुरती संधीच दिली गेली नाही, म्हणून 12 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवलं. अशा कोसळण्याचा सगळ्यात जास्त त्रास तक्रार करणाऱ्या बाईला होतो. तक्रारीची प्रत समोरच्याला वेळेत देणं, साक्षीदारांची नावं नोंदवणं, उलटतपासाचे प्रश्न लेखी घेणं, कारणांसह अहवाल लिहिणं, हे शिस्तीने करणारा सदस्य समितीत असला तर दोघांनाही न्याय मिळतो. या कामाचा भत्ता नियमांत दिवसाला 200 रुपये इतकाच धरलेला आहे. म्हणजे ही सेवाच.

मध्यस्थीचं कामही असंच. 2023 चा मध्यस्थी कायदा मध्यस्थ वकीलच हवा असं म्हणत नाही. 40 तासांचं प्रशिक्षण ही इथली रूढ पायरी आहे आणि कंपनीतल्या वकिलाला ते दोन्हीकडून फळतं. व्यापारी दाव्यांत तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये पक्कं केलं. तेव्हा कंपनीच्या बाजूने टेबलावर बसायला तोच असतो.

ज्यांना शिकवण्याची ओढ आहे त्यांनी आयडिया हा उपक्रम पाहावा. शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये तो सुरू केला. गरीब आणि दुर्लक्षित घरांतल्या मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार करणं आणि नंतर शिक्षणभर त्यांच्या पाठीशी राहणं हे त्याचं काम. पहिल्या पिढीतल्या अशा विद्यार्थ्याला इंग्रजी सुधारणाऱ्यापेक्षा कंपनीतली मुलाखत कशी होते ते सांगणारा आणि नावानिशी शिफारस करणारा माणूस जास्त हवा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या जनजागृती शिबिरांनाही बोलणारी माणसं लागतात. 15100 हा मोफत मदतीचा दूरध्वनी क्रमांक आपल्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांच्या फलकावर लावला तरी त्यातून काम होतं. औद्योगिक कामगार, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि अपंग व्यक्ती यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकिलाचा हक्क दिला आहे, हे त्यांतल्या कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि स्वतःच्या गृहनिर्माण संस्थेतलं मानीव अभिहस्तांतरण वर्षानुवर्षं रखडलेलं असेल, तर तिथूनही सुरुवात होऊ शकते.

या सेवेतून ज्या ओळखी होतात, त्यांना मी सगळ्यात वरचं स्थान देतो. न्यासाच्या टेबलावर निवृत्त न्यायाधीश, सनदी लेखापाल, डॉक्टर, शिक्षिका अशी माणसं शेजारी बसलेली असतात. आपण काम कसं करतो हे ती वर्षानुवर्षं पाहतात.

सुरुवात करण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. बहुतेक नेमणूकपत्रांत बाहेरच्या कामाला मनाई करणारं कलम असतं, आणि बिनपगारी काम त्यातून आपोआप सुटत नाही. परवानगीच्या पत्रात संस्थेचं नाव, आपलं पद, महिन्याचे अंदाजे तास, मोबदला नाही हे विधान, आणि ती संस्था कंपनीकडून निधी घेते का याचा उल्लेख असावा. घेत असेल तर त्या निधीच्या निर्णयात आपण भाग घेणार नाही हेही लिहून द्यावं. साहेबांनी हे तास कंपनीच्या दोन टक्के सामाजिक खर्चात धरता येतील का असं विचारलं, तर उत्तर नाही असं आहे. कर्मचाऱ्यांच्या विनामूल्य सेवेची किंमत लावून ती त्या खर्चात दाखवता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे. त्याच खुलाशात मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना अशा कामांत भाग घ्यायला कंपन्यांनी उत्तेजन द्यावं असंही म्हटलं आहे. परवानगीच्या अर्जाला त्या खुलाशाची प्रत जोडायला हरकत नाही.